चिडचिडीचं वेळापत्रक

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आजचा कार्यक्रम आधी संध्याकाळी साडेसातला ठरला होता. मी सेक्रेटरींना म्हटलं, साडेसातला मी बोलणार नाही, पाचला ठेवा. त्यांना वाटलं असणार, काका आता वयामुळे अटी घालायला लागले. तेही खोटं नाही. पण साडेसातला तुमच्यापैकी निम्मी मंडळी नुकतीच लोकलमधून उतरून, डोंबिवलीचा जिना चढून, रिक्षाच्या रांगेत उभी राहून आलेली असणार. उरलेल्या निम्म्यांच्या घरी कुकर लावायची वेळ. आणि मी स्वतः त्या वेळेला माणसात नसतो. हे मी गमतीत सांगत नाही, माझ्याकडे लेखी पुरावा आहे.

हा पुरावा कसा तयार झाला ते सांगतो. निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी आमच्या सौ. एकदा म्हणाल्या, "तुम्ही हल्ली सारखे चिडता." सगळं आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला 'सारखे' हा शब्द चालत नाही. किती वेळा, कधी, कुणावर? व्हाउचर दाखवा. त्या म्हणाल्या, व्हाउचर तुम्हीच लिहा. मग मी एक जुनी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. तारीख, वेळ, कुणावर, कशावरून, शेवटचं खाल्लं कधी, रात्री झोप किती. आणि दीड महिना इमानदारीने नोंदी केल्या. पहिल्या आठवड्यात फसवाफसवी झाली, कबूल करतो. चिडलो की मनात म्हणायचो, हे काही लिहिण्याइतकं नाही. तेव्हा सौ. स्वयंपाकघरातूनच विचारायच्या, "लिहिलंत का?" आणि त्या विचारण्याची आणखी एक नोंद व्हायची.

दीड महिन्यानंतर ताळेबंद मांडला. सारखा चिडतो हा आरोप सिद्ध झाला नाही, पण मी सुटलोही नाही. निम्म्याहून पुष्कळ जास्त नोंदी दोनच खिडक्यांत होत्या. एक दुपारी बारा ते सव्वा, म्हणजे जेवणाआधी. दुसरी संध्याकाळी साडेसहा ते आठ. सकाळी सहा ते दहा जवळजवळ कोरं पान. आणि 'कशावरून' हा रकाना वाचताना मलाच लाज वाटली. दाराची बेल दोनदा वाजली. नातवाने रिमोट पलंगाखाली टाकला. चहात साखर कमी. नेमकी हीच बेल, हाच रिमोट सकाळी नऊलाही असतो, तेव्हा नोंद नाही. कारणं रोज वेगळी होती, घड्याळाचे काटे मात्र तेच. 'कुणावर' या रकान्याबद्दल फार बोलत नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, बँकेतले तरुण कर्मचारी यांच्यावर मी क्वचितच चिडलो होतो. घरचं माणूस बिनव्याजी मिळतं ना.

तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला. वाचत गेलो, मुलीच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारत गेलो. मी काही वैद्य नाही, त्यामुळे जे नीट पडताळून घेता आलं तेवढंच सांगतो.

आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. अलंकार म्हणून म्हणत नाही, खरोखर आहे. दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर सुमारे २०,००० पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. तो दिवसरात्रीचा ताल धरतो. त्याचा फेरा बहुतेकांमध्ये चोवीस तासांहून थोडा जास्त असतो, म्हणजे आपल्या जुन्या एचएमटीसारखं रोज जरासं मागे पडणारं घड्याळ. ते रोज जुळवून घेतो सकाळचा उजेड. या घड्याळाची पेशींच्या आतली यंत्रणा कशी चालते ते फळमाश्यांवर काम करून शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. सडक्या केळ्यावर घोंघावणारी ती चिलटासारखी माशी, तिच्यातही हे घड्याळ आहे. मग आपल्यात असल्याचं नवल नको.

या घड्याळाच्या हुकमाने अंगात बऱ्याच गोष्टी वरखाली होतात. कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य पहाटे वाढायला लागतं, उठल्यानंतर अर्ध्यापाऊण तासात सर्वांत वर जातं, मग दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोचतं. ते अंगाला दिवसाच्या कामासाठी उभं करतं. शरीराचं तापमान उलट पहाटे चारपाचच्या सुमाराला सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त. दुपारी एक ते चारच्या दरम्यान पुष्कळांना एक मंदी येते. आपण भाताला दोष देतो, पण जेवण न करताही ती येते. भात फक्त भर घालतो. शिवाय जागं राहू तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. चहाकॉफीतलं कॅफिन त्याचं दार अडवून बसतं, थकवा जात नाही, फक्त कळत नाही. पाचच्या चहातलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगातच असतं. तरीही आज पाचनंतरचा चहा ठेवला आहे, कारण चहाशिवाय आपल्या सभागृहात कुणी थांबत नाही.

मग मूड म्हणजे काय? मला जे उमगलं ते असं. घटना बाहेर घडते, पण ती सोसायची ताकद दिवसभरात कमीजास्त होते. ती कशी हलते याचा एक मोठा अभ्यास २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. गोल्डर आणि मेसी या दोघांनी ८४ देशांतल्या चोवीस लाख लोकांचे ट्विटरवरचे पन्नास कोटींहून जास्त संदेश तपासले. आनंदाचे, उत्साहाचे शब्द सकाळी भरपूर, दिवस चढेल तसे कमी, आणि रात्री पुन्हा वर. मला वाटलं होतं हा ऑफिसचा परिणाम. पण शनिवार-रविवारीही आलेख तसाच, फक्त सकाळचं शिखर साधारण दोन तास पुढे, कारण लोक उशिरा उठतात. म्हणजे सगळा दोष साहेबाच्या माथी मारायची सोय राहिली नाही.

आपल्याकडे वाग्भटाने तर फार पूर्वी दिवसाचे तीन भाग करून ठेवलेत. सुरुवातीला कफ, मध्यान्ही पित्त, अखेरीला वात. माझी बाराची खिडकी पित्तात आणि संध्याकाळची वातात बरोबर बसली म्हणून मी खूश झालो होतो. सौ. म्हणाल्या, "आता कफालाही चिडायला लागू नका म्हणजे झालं."

मात्र ही सरासरी आहे, आणि सरासरीने घर चालत नाही. माणसांची घड्याळं वेगवेगळी असतात. काही पहाटेची माणसं, काही रात्रीची. वयानेही फरक पडतो. सोळासतराव्या वर्षी घड्याळ पुढे सरकतं, रात्री बारापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. म्हातारपणी ते मागे येतं. आमच्या घराचंच उदाहरण घ्या. मी साडेचारला उठणार, भीमसेन लावणार, तांब्याभांडं वाजवणार. नातू साडेआठला अर्धवट डोळे मिटून ब्रश शोधणार. त्या वेळी माझा मूड दिवसातला सर्वांत चांगला, म्हणून मी त्याला उपदेश करणार. आणि तो खेकसला की मी म्हणणार, आजकालच्या मुलांना वळण नाही. त्याचं वळण ठीकच आहे, फक्त मी त्याच्या रात्री दोनच्या मनःस्थितीशी बोलत असतो. आता मी उपदेश रात्री साडेनवाला करतो. तो ऐकतो असं नाही, पण खेकसत तरी नाही.

बँकेत हे मला नकळत माहीत होतं. आमच्या वेळी रोखीचे व्यवहार दुपारी दोनला बंद व्हायचे. एक ते दोन हा काउंटरवरचा भांडणाचा तास. दोन्हीकडचे लोक उपाशी, मधे जाळी. संध्याकाळी कॅश जुळली नाही की तीनतीन माणसं डोकी लावायची, एकमेकांवर ओरडायची, आणि फरक सापडायचा नाही. सकाळी दहाला पहिल्या पाच मिनिटांत सापडायचा, चोपन्नचे पंचेचाळीस लिहिलेले असायचे. फरकाला नऊने भाग जातोय म्हणजे आकडे उलटे पडलेत, हे शाळेपासून पाठ होतं, पण संध्याकाळी सातला ते एकालाही आठवत नसे. माझे एक वरिष्ठ होते. कर्जाचा अर्ज नामंजूर करायचं पत्र ते दुपारी लिहायचे, पण सही सकाळी करायचे. सकाळी वाचून काही पत्रं फाडायचे. मला तेव्हा तो चालढकलीचा प्रकार वाटायचा.

पुढे वाचलं की इस्रायलमध्ये कैद्यांच्या पॅरोलचे निकाल तपासले, तर सुट्टीनंतर लगेच आलेल्या अर्जांपैकी सुमारे ६५ टक्के मंजूर, आणि पुढची सुट्टी जवळ येईपर्यंत प्रमाण जवळजवळ शून्यावर. हे फार गाजलं. नंतर काहींनी हरकत घेतली की अर्जांचा क्रम काही चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हता, त्यामुळे सगळा दोष न्यायाधीशांच्या भुकेवर टाकता येणार नाही. हरकत रास्त वाटते. पण काउंटरवर तीस वर्षं काढल्यावर मी भुकेला अगदी निर्दोष सोडायला तयार नाही.

आता जे सांगायला मुख्यतः उभा राहिलो ते सांगतो.

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना माझी आई आठवत असेल. संस्थेची इमारत नवी होती तेव्हा आम्ही गिरगावातली मुगभाटातली खोली सोडून इथे आलो. आई तेव्हा सत्तरी ओलांडलेली. दोनतीन वर्षं ती खाली बाकावर येऊन बसायची. मग हळूहळू विसरायला लागली. आधी नावं, मग दिवस, मग गॅस. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलं. आम्ही म्हणायचो, वय झालं.

सकाळी ती पुष्कळ ठीक असायची. आंघोळ, पूजा, माझ्या डब्याची चौकशी. संध्याकाळी साडेपाच झाले की मात्र दुसरीच बाई. येरझाऱ्या, दाराची कडी काढायची, "मला घरी जायचंय." आई, हेच आपलं घर. "हे नव्हे. मुलं शाळेतून येतील, नळाला पाणी येईल, दिवा लावायचाय." सौ. दोन तास तिच्या मागेपुढे. एकदा तर वॉचमनने गेटवरून परत आणलं. तो बिचारा तिला म्हणायचा, आजी, साहेब येऊ देत, मग सोडतो तुम्हाला.

आणि साहेब यायचे पावणेआठला. सकाळी साडेसातला घर सोडलेलं, एक वाजता डबा खाल्लेला, त्यानंतर दोन कप चहा, आणि लोकलमध्ये ठाण्यापर्यंत एका पायावर. म्हणजे माझा दिवसातला सर्वांत वाईट तास आणि तिचा दिवसातला सर्वांत वाईट तास एकाच दारात भेटत होते. रोज.

२००६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रुळांवर पाणी होतं, गाड्या रखडलेल्या. मी पावणेनऊला घरी पोचलो, भिजलेला, उपाशी. आई दारातच गाठोडं घेऊन उभी. लुगडं, जपमाळ आणि देव्हाऱ्यातला गणपतीचा छोटा फोटो. "मला घरी सोड." मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते गाठोडं तिच्या हातातून ओढलं आणि भिरकावलं. फोटोची काच फुटली. काय काय ओरडलो ते आठवत नाही. शेजारच्या वहिनी बाहेर आल्या होत्या एवढं आठवतं. त्या आज इथे बसल्या आहेत, त्यांनी या गोष्टीचा आजवर कधी उच्चार केला नाही.

आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही कोण?"

सबंध आयुष्यात तिने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मग ती भिंतीला टेकून बसली. सौ. काचा गोळा करत होत्या. कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती माझ्या आधी उठलेली. मला बघून म्हणाली, "डबा घेतलास का रे? आज पाऊस आहे, छत्री विसरू नको." तिला काहीच आठवत नव्हतं. मला सगळं आठवत होतं.

त्या शनिवारी डॉक्टरांकडे गेलो, या वेळी नीट विचारायला. त्यांनी सांगितलं की डिमेन्शियात हे पुष्कळांना होतं, इंग्रजीत त्याला 'सनडाउनिंग' म्हणतात, सूर्य उतरताना होणारं. मेंदूतलं घड्याळच या आजारात बिघडतं. त्यात दिवसभराचा थकवा, भूक, अधू नजरेला दिसणाऱ्या लांब सावल्या आणि घरातली संध्याकाळची लगबग. आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मनाला लागली. म्हणाले, तुमच्या आईने पन्नास वर्षं या वेळेला काय केलं? पाणी भरलं, दिवा लावला, मुलांना घरात घेतलं, स्वयंपाक केला. सगळ्या दिवसातला तिच्या कामाचा तास हा. ती हट्ट करत नाहीये, ती कामावर निघालीये.

मग आम्ही काही बदल केले. अंधार पडायची वाट न बघता पाचलाच सगळे दिवे लावायचे आणि पडदे ओढायचे, म्हणजे सावल्या नाहीत. सकाळी अर्धा तास गच्चीवर उन्हात बसवायचं. दुपारची झोप थोडकी. तीननंतर चहा नाही, साडेपाचला खायला. आणि 'हेच तुझं घर' हा वाद पूर्ण बंद. ती घरी जायचं म्हणाली की सौ. म्हणायच्या, जाऊ या हां, आधी एवढ्या वाती वळून देता का? आई वाती वळायला बसायची. वाती वळता वळता सात वाजायचे, मग दिवा लावायचा, शुभंकरोती म्हणायचं. शत्रुबुद्धी जावी असं मागणं त्यात आहे, आणि ते म्हणायची वेळ नेमकी तीच ठरवलेली आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिन्हीसांजेला भांडू नये असं आई आम्हाला लहानपणी दटावायची. आम्ही ते लक्ष्मीच्या खात्यावर टाकून मोकळे झालो होतो. सगळ्या संध्याकाळी सुधारल्या असं नाही. काही वाईटच गेल्या. पण रोजची लढाई थांबली. तिने वळलेल्या वातींनी भरलेला डबा तिच्यामागे कितीतरी वर्षं पुरला.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मी पाचला उठायला लागलो. तोपर्यंत माझ्या वाट्याला आई येत होती ती फक्त रात्रीची, बिघडलेली. सकाळची आई, जिला मी कोण ते माहीत होतं, तिला मी वीस मिनिटं देत होतो, तीही दाढी करता करता. मग रोज सव्वापाच ते साडेसहा आम्ही दोघं चहा घेऊन बसायचो. ती गिरगावच्या गोष्टी सांगायची, पुष्कळदा त्याच त्या. २००८ च्या दिवाळीनंतर ती गेली. ती सव्वादोन वर्षं सकाळची मिळाली, नाहीतर माझ्याकडे आईची शेवटची आठवण म्हणून ती फुटलेली काच उरली असती.

दुसरी गोष्ट आपल्या गेटजवळचा बाक. स्टेशनवर चिक्की घ्यायची, आणि वर न जाता दहा मिनिटं बाकावर बसून खायची. पाणी प्यायचं. मग जिना चढायचा. तुमच्यापैकी काहींना तेव्हा वाटलं होतं की माझं घरात पटत नाही. एका शेजाऱ्याने तर काळजीने विचारलंही होतं.

सनडाउनिंगबद्दल बोललो म्हणून सावधगिरीचे दोन शब्द. घरातलं वृद्ध माणूस एकदोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं वागायला लागलं, तर संध्याकाळ आहे म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, एखादं नवं औषध, काहीही असू शकतं. लगेच डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असलेला माणूस जेवणाआधी एकाएकी चिडला, घामाघूम झाला, हात थरथरले, तर त्याच्याशी वाद न घालता साखर तपासा. यंत्र जवळ नसेल आणि माणूस शुद्धीत असेल, तर आधी साखर द्या. आणि तिसरं, ज्याला पहाटे तीनचारला जाग येते, सकाळ सगळ्यात जड जाते, उठावंसं वाटत नाही, आणि संध्याकाळी थोडं बरं वाटतं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो आळस नव्हे. नैराश्याचं ते ओळखीचं लक्षण आहे आणि त्याला उपचार आहेत. हे शेवटचं आपल्या पिढीतल्या पुरुषांना मुद्दाम सांगतोय. आपण गुडघा दाखवायला जातो, मन दाखवायला जात नाही.

आता थोडं संस्थेविषयी, कारण पंचवीस वर्षांच्या इतिवृत्तांचं वाचन मी स्मरणिकेच्या निमित्ताने केलंय. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरमध्ये, रविवारी दहाला. साडेदहापर्यंत कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब. मग सुरू. अकरा ते बारा अहवाल, हिशेब, सगळे शांत. आणि पार्किंग, गळती, पाण्याची टाकी हे विषय येतात साडेबाराला. एकूण एक मोठी भांडणं साडेबारा ते दीडमधली आहेत. २०१३ चं गळतीचं भांडण, ज्यात मीही होतो आणि ज्यानंतर दोन सज्जन माणसं तीन वर्षं एका लिफ्टमध्ये चढत नव्हती, ते एक वाजून पाच मिनिटांनी सुरू झालं. मी घड्याळ बघितलं होतं. वडे मात्र सभेनंतर, दोन वाजता! समितीला माझी लेखी सूचना आहे की वडे साडेअकराला वाटावेत आणि पार्किंगचा विषय त्यानंतर लगेच घ्यावा. खर्च तोच आहे.

ग्रुपवरचे रात्री साडेदहानंतरचे लांबलचक संदेश लिहा, पण पाठवा सकाळी. आमच्या त्या वरिष्ठांप्रमाणे निम्मे तुम्हीच फाडाल.

आणि वॉचमन. त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय खाली बसणार नाही. रात्रपाळीचा आपला वॉचमन बारा तास जागा असतो. पहाटे तीन ते पाच, जेव्हा शरीर सर्वांत थंड आणि मेंदू सर्वांत मंद असतो, त्या वेळी तो जागा राहतो ते आपल्यासाठी. दिवसा त्याला पत्र्याच्या खोलीत जेमतेम चारपाच तास झोप मिळते, कारण घड्याळ त्याला झोपू देत नाही आणि ऊनही. सकाळी सातला, आपण ताजेतवाने होऊन फिरायला निघतो तेव्हा त्याची रात्र संपत आलेली असते. आणि त्याच वेळी आपण त्याला विचारतो, काय रे, गेट उघडायला एवढा वेळ? माझ्या आईला परत आणणारा तो वॉचमन गावी निघून गेला. त्याचं नावसुद्धा मी कधी नीट विचारलं नाही.

गेटजवळचा तो बाक गेल्या वर्षी रंगवला, समितीचे आभार. हल्ली पावणेआठच्या सुमाराला ए विंगमधला एक तरुण लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन तिथे बसलेला मला गॅलरीतून दिसतो. कधी वडापाव खातो, कधी नुसताच बसतो. दहा मिनिटांनी वर जातो. मी अजून त्याला काही विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका.

आता सहा वाजायला आलेत आणि साडेसहाला माझी खिडकी उघडते. प्रश्न असतील ते खाली चहा आणि वडे घेतल्यावर विचारा, त्याआधी नाही.